कुठलं खलास?

१६ फेब्रुवारी २००६, गुरुवार. रियाध

दोन स्वेटर, मुक्ताची कानटोपी, थर्मास, मेथीचे ठेपले. सगळं भरून सकाळपासून दाराशी बसले. आमचा श्री. आरामात उठला, बॅगा बघितल्या आणि विचारतो, "कुठे निघालीस?"

"खमीसला. तूच म्हणालास ना, खमीसला नेतो?"

साहेब हसून हसून सोफ्यावर आडवे. खमीस म्हणजे गुरुवार! गुरुवारी नेतो, असं म्हणायचं होतं. कुठे? तर हायपरमार्केटला, महिन्याचं सामान भरायला. आणि मी आठवडाभर खमीस मुशैत धरून बसलेले. डोंगरातलं गाव, थंडी, जुना बाजार, मध-तूप विकणाऱ्या बायका. नकाशासुद्धा काढून ठेवला होता.

आमचे अण्णा सदऱ्याला खमीस म्हणायचे. मी तो अर्थ लावला नाही हे त्यातल्या त्यात बरं, नाहीतर श्री.चे शर्ट इस्त्री करून बसले असते.

मराठी माणसाला गुरुवार म्हणायला काय होतं? ऑफिसात बोल ना काय बोलायचं ते. घरीसुद्धा बुकरा, मुश्किला, यल्ला, खलास. सहा वर्षांत धड अरबी शिकला नाही, मराठी मात्र विसरत चालला.

हायपरमार्केटला गेले नाही. मुक्ता कानटोपी घालून दिवसभर टीव्हीसमोर. म्हणते, "आई, इट्स जस्ट अ मार्केट. कूल डाउन ना."

१७ फेब्रु., शुक्र.

राग उतरला नाही. इथे लिहिते, नाहीतर मुलीवर निघायचा.

सहा वर्षांत मी या देशात काय पाहिलं? मॉल. मुक्ताची शाळा. मराठी मंडळातल्या बायकांचे दिवाणखाने. चिपळूणला कॉलेजच्या पोरापोरींना घेऊन जंगलं तुडवायची, बॉटनीच्या सहली काढायची. इथे कोथिंबिरीची जुडी हवी तर नवऱ्याला वेळ कधी आहे ते विचारायचं. गाडी चालवायची नाही, एकटीनं लांब जायचं नाही. त्यातून नवरा असा, की त्याला बाजार म्हटलं की एसी आणि ट्रॉली लागते.

ठरलं होतं काय? एप्रिलअखेर इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपेल. या खेपेला वाढवायचा नाही. कायमचं घरी. कॉलेजनं माझी बिनपगारी रजा दोनदा वाढवून दिली. प्राचार्यांनी या वेळी स्पष्ट सांगितलंय, जूनमध्ये कॉलेज उघडेल तेव्हा हजर व्हा, नाहीतर जागा भरणार. आणि जायच्या आधी तीन गावं दाखवायची, हुफूफ, जेद्दा, खमीस. जुने बाजार, जुन्या गल्ल्या, तिथलं खाणं. इतकंच मागितलं होतं.

इकाम्याबद्दल विचारलं की "बघू, बोलतो." घोडं कुठे पेंड खातंय कळत नाही.

२१ फेब्रु., मंगळ.

दुपारी श्री.चा ऑफिसातून फोन. "अगं, इकाम्याचं खलास केलं एकदाचं. डोक्याचा ताप गेला."

म्हटलं, "खरंच?"

"हो गं, खलास! मीटिंग आहे, ठेवतो."

ओट्याला धरून रडले. सहा वर्षं संपली. गुरुवारचं सगळं माफ.

संध्याकाळी केशर घालून शिरा. श्री.नं दोनदा घेतला, कशाबद्दल ते विचारलं नाही. मीच म्हटलं, "आपण सुटलो. आईला फोन केला, प्राचार्यांनापण कळवलं, येते म्हणून." त्यानं चमचा खाली ठेवला. मग म्हणाला, "तुझी ती तीन गावं दाखवतो आता. सगळी. प्रॉमिस."

मनाचा मोठेपणा वाटला मला!

९ मार्च, गुरु. हुफूफ

आलो एकदाचे. रस्ताभर वाळू, वाळू, आणि मग एकदम खजुराची झाडं, पाण्याचे पाट. डोळे निवले. पाट बघून मुक्ता म्हणाली, "ये तो नानी के गाँव जैसा है." आजी म्हण बाई, आजी.

जुन्या झाकलेल्या बाजाराला मागे आग लागली होती. तिथे कुंपण, दुकानं शेजारी पत्र्याखाली. तरी बाजार तो बाजारच. पितळेचे दल्ले, म्हणजे कॉफीच्या सुरया, उंटाच्या लोकरीचे अबे, म्हणजे झगे, शिवणारे म्हातारे, धूप, सुकवलेली लिंबं. आणि तांदूळ! लाल तांदूळ, पोत्यातून. मी मूठभर घेऊन दाताखाली फोडला. उकडा नव्हे, पण पेजेला चालेल असा. श्री. म्हणतो, "ए, असं तोंडात काय घालतेस, लोक बघतायत." बघेनात का. बुरख्याच्या आतून चावत होते, कोणाला काय दिसतंय.

खजुराची फजिती लिहिलीच पाहिजे. पहिल्या दुकानात विचारलं, सगळ्यात चांगला कुठला? दुकानदार म्हणाला, "खलास." संपला म्हणे. पुढे गेले. तिथेही, "खलास." तिसऱ्याकडे डबेच्या डबे भरलेले, आणि तोही हात हलवून, "खलास, खलास!" माझा पारा चढला. बाईमाणूस बघून विकत नाहीत की काय? मराठीतच सुनावलं त्याला, समोर ढीग दिसतोय आणि खोटं बोलतोस?

श्री. मध्ये पडला. खलास हे त्या खजुराचं नाव! इथला सगळ्यात उंची खजूर म्हणजे खलास.

दुकानदारानं एक माझ्या हातावर ठेवला. गुळासारखा, तोंडात विरघळला. मग मीही हसले. डबा घेतला, लाल तांदूळ घेतला. इतकी हसल्याला किती दिवस झाले.

१० मार्च, शुक्र.

परतताना गाडीत म्हटलं, "बघ, आपलंही खलास आणि खजूरही खलास. हा डबा चिपळूणला नेऊन फोडायचा."

श्री.नं गाणी मोठ्यानं लावली. ड्रायव्हिंगनं दमला असेल.

१९ मार्च, रवि.

आवराआवर. मुक्ताची सायकल खालच्या केरळी बाईंच्या मुलाला. जास्तीची गादी, टेबल, इस्त्रीचा पाट, दिलं सगळं वाटून. घर कसं मोकळं झालं.

श्री. संध्याकाळी आला तो मुक्ताची चौथीची पुस्तकं घेऊन. इथल्या शाळेची, पूर्ण संच. म्हटलं, "वेड लागलंय का? ती चिपळूणच्या शाळेत जाणार ना?"

"असू देत. सवयीनं घेतली. वाचेल तिकडे."

मुक्ता पुस्तकं उचलून तिच्या खोलीत पळाली. एरवी पुस्तक बघून पळते ती उलट्या दिशेला.

मोकळ्या जागेकडे बघून श्री. म्हणाला, "सगळं इतक्यात द्यायची काय घाई होती?" मी म्हटलं, माणूस सहा वर्षांनी घरी निघाला की घाई करणारच.

३० मार्च, गुरु. पाडवा. जेद्दा

गुढी नाही. काल निघताना देवाजवळ कडुलिंबाची पानं ठेवली. इथल्या रस्त्यांवर आपला कडुलिंब भरपूर, तेवढं एक सुख.

सकाळी बलद, म्हणजे जुनं शहर. प्रवाळाच्या दगडांची उंच घरं, लाकडी जाळीच्या बाहेर काढलेल्या खिडक्या. निम्मी घरं कललेली, तरी त्यांच्या पायाशी दुकानं थाटलेली. हातगाडीवर बलीला खाल्ला. उकडलेले काबुली चणे, जिरं, वरून लोणच्याचं आंबट पाणी. आपली उसळच, फोडणी विसरलेली. दोन वाट्या खाल्ल्या. मुतब्बक म्हणजे सारणाचा पराठा, त्या मुतब्बकवाल्याचं कणीक हवेत फिरवणं मुक्तानं तोंड उघडं टाकून पाहिलं. इथपर्यंत दिवस सोन्यासारखा.

दुपारी शराफिया मोहल्ला. सगळे आपलेच, मल्याळी, हैदराबादी, कोकणी. श्री.च्या ओळखीचे हनीफभाई, दाभोळचे, मसाल्याचं दुकान, वर घर. जेवायला बोलावलं होतं. पुरुष बाहेरच्या खोलीत, आम्ही आत. त्यांच्या जुबेदाभाबींनी माशाचं कालवण, तांदळाची भाकरी, सांदणं केली होती. सांदण बघून मला भरून आलं. आणखी एक वाढत त्या म्हणाल्या,

"खावा हो पोटभर. माला तर लय बरां वाटलां. आनकी दोन वर्सां तुमी हितंच, ता कलल्यावर मी ह्यांना बोलली, आता भाबींना आनाच."

मी म्हटलं, "नाही हो, आम्ही एप्रिलअखेर चाललो. इकाम्याचं खलास झालं."

"ताच सांगतंय मी. खलास झालां ना, दोन वर्सांचा. सायबांनी ह्यांना फोनवर सांगितलानी, रिन्यू झाला म्हनून."

घास तसाच राहिला. त्यांना माझ्या तोंडाकडे बघून समजलं असणार, कारण पाणी आणायला उठल्या त्या बराच वेळ आल्या नाहीत.

रिन्यू झाला. काम झालं, आटपलं, खलास. मी ऐकलं, संपलं, खलास.

पाडव्याला कडुलिंब खातात, तो मला असा मिळाला.

३१ मार्च, शुक्र. हॉटेल

तळपायाची आग मस्तकात गेलीय.

रस्त्यावरच विचारलं, दोन्ही बाजूंनी माणसं जात होती तरी. श्री. म्हणतो, "मी तर खलास म्हणालो. तूच उलटं समजलीस. मी काय करू?"

चोराच्या उलट्या बोंबा! आणि शिरा खाल्लास तेव्हा? मी आईला फोन केला, प्राचार्यांना शब्द दिला सांगितलं तेव्हा तोंडात काय होतं, शिराच ना? गादी गेली, सायकल गेली, तेव्हा मूग गिळून बसलास?

"तू इतकी खूश होतीस. मला सांगवेना. म्हटलं आधी तीन गावं दाखवू, मग शांतपणे सांगू."

म्हणजे ही गावं माझी नव्हतीच. मांजराला दूध दाखवून पिशवीत घालतात तसं चाललं होतं. हुफूफमध्ये मी हसले, ते आठवून आता अंगावर काटा येतो. मी हसत होते आणि याला माहीत होतं.

अजून एक. मुक्ताला विचारलं, तुला ठाऊक होतं? ती पलंगावर पाय हलवत बसली. म्हणाली, "पापा ने बोला था सरप्राइज है. आई को मत बताना." मग हळूच मराठीत, "तू मला ओरडणार?"

नाही ओरडले. नऊ वर्षांच्या पोरीच्या तोंडाला कुलूप लावणाऱ्यावर काय ओरडायचं ते शिल्लक ठेवलंय.

३ एप्रिल, सोम. रियाध

आता कारणं बाहेर येतायत. बँकेत नवीन सिस्टिम बसवतायत, याच्याशिवाय होणार नाही. भारतात चाळिशीनंतर कोण घेतो? दोन वर्षं कशी जातील कळणार नाही.

मी म्हटलं, "तुझी नोकरी ती नोकरी. माझी?"

तो म्हणाला, "अगं, गावातलं कॉलेज ते. तू मनानं आता तिथे राहिली तरी आहेस का? आणि तुला शिकवायचंच असेल तर मंडळाच्या मुलांना मराठी शिकव."

मराठी! यानं हे म्हणावं!

गावातलं कॉलेज. त्या गावातल्या कॉलेजात मी वयानं सगळ्यात लहान असताना लागले, वाळवलेल्या झाडपाल्याचं हर्बेरियम उभं केलं, पोरांनी माझ्यामुळे चिखलात हात घातले. विचारलंसुद्धा नाही मला. विचारलं असतंस आणि भांडून हरले असते तर चाललं असतं. न विचारता हरवलंस.

बाहेरच्या खोलीत झोपायला गादी मागतो. गादी मी देऊन टाकली. सोफ्यावर झोप.

१३ एप्रिल, गुरु. खमीस मुशैत

तिकिटं त्यानंच काढली. मनधरणी. मी नाही म्हणणार होते, पण म्हटलं का नाही म्हणू? खमीस मला हवं होतं, याचं बक्षीस म्हणून नाही. खमीसला खमीसच्या बाजारात. स्वेटर घेतले. थंडी खरंच होती.

इथल्या बाजारात बायका विकायला बसतात. म्हाताऱ्या, रंगीत कपडे, डोक्यावर गवताच्या मोठ्या टोप्या. मध, तूप, विणलेल्या टोपल्या, रैहानच्या, आपल्या सब्जाच्या, जुड्या. आणि एकीपुढे ओल्या फडक्यात गुंडाळलेला केवडा! खाली जिझानकडून येतो म्हणे. मी तिथेच बसले जमिनीवर. दाभोळच्या खाडीकाठचा वास, या डोंगरात.

श्री. त्याच्या अर्ध्याकच्च्या अरबीत भाव करायला पुढे सरसावला. म्हातारीनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. हातानं त्याला बाजूला केला आणि माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाली.

"काय म्हणतेय?" मी विचारलं.

त्याला सांगावंसं वाटत नव्हतं. "म्हणतेय, वास ती घेतेय, तू कशाला बोलतोस."

तिच्या मागे तिचा नवरा बसला होता, पिशव्या बांधत. तिनं खुणेनं एक पिशवी मागितली, त्यानं दिली. मी त्या म्हातारीशी हिंदी, मराठी आणि दहा-बारा अरबी शब्दांत बोलले आणि आमचं सगळं जमलं. सहा वर्षांत पहिल्यांदा या देशात मी काहीतरी स्वतः विकत घेतलं.

मग अरीका खाल्ला. कणकेचा कुस्करा, मध्ये खळगा करून तूप आणि मध. मुक्ताला मलिदा म्हणून सांगितलं, तिनं वाडगा चाटला.

तिथेच बोलले, कडक आवाजात, रडले नाही. "माझं आणि मुक्ताचं फायनल एक्झिट कर, कायमचं जायचा शिक्का. तू राहा तुझी दोन वर्षं. मी जूनमध्ये कॉलेजात उभी असणार."

"री-एन्ट्री घेऊ ना. सुट्टीला जा, बघ, नाही करमलं तर परत ये."

"री-एन्ट्री नको. तो दोर आहे. इथून जायला तुझी सही लागते म्हणून तुला विचारतेय, नाहीतर सांगून गेले असते."

तो म्हातारीच्या नवऱ्याकडे बघत होता. म्हणाला, "बरं."

१४ एप्रिल, शुक्र.

परतीचं विमान. केवडा मांडीवर. बरं म्हणाला, पण बरं म्हणजे काय, ते विचारायला हवं होतं. या माणसाच्या शब्दांचे अर्थ मी आता सुटे करून बघते, निवडायला घेतलेल्या तांदळासारखे.

विचारलं. "बरं म्हणजे हो ना?"

"हो म्हणजे हो," तो चिडून म्हणाला. चिडला ते आवडलं मला. पहिल्यांदा काहीतरी साफ बोलला.

१८ एप्रिल, मंगळ.

प्राचार्यांचा फोन. "मॅडम, येताय ना नक्की? वेळापत्रक लावतोय." श्री. समोर बसला होता, कानावर सगळं जात होतं. मी म्हटलं, येतेय. त्याच्याकडे बघत म्हटलं. त्यानं पेपर वर उचलला.

संध्याकाळी स्वतःहून मुक्ताला जवळ घेतलं आणि विचारलं, "आजीकडे राहशील?" ती म्हणाली, "और आप?" त्यानं तिची वेणी सारखी केली. मला वाईट वाटलं. राग आहेच, पण वाईटही वाटलं. खोटं कशाला लिहू.

चौथीची पुस्तकं मुक्तानं बॅगेत भरली. म्हणते, पापानी दिलीत.

२२ एप्रिल, शनि.

आज श्री. आमचे पासपोर्ट घेऊन गेला. ऑफिसचा माणूस बरोबर, पासपोर्ट कचेरीत शिक्का घ्यायला. दारात थांबला होता जरा. मी म्हटलं, "फायनल." तो म्हणाला, "माहितीय."

सकाळपासून कशातच लक्ष नाही. हुफूफच्या लाल तांदळाची पेज टाकली. दोनदा उतू गेली. केवडा कपाटात वाळला, तरी दार उघडलं की वास येतो. मुक्ता खाली, तिचीच सायकल त्या केरळी मुलाकडून मागून चालवतेय.

दुपारी फोन वाजला. मागे गर्दीचा आवाज, बांग सुरू झालेली, कोणीतरी शटर ओढत होतं.

"झालं," श्री. म्हणाला. "खलास."

"कुठलं खलास? फायनल की री-एन्ट्री?"

"अगं, खलास म्हणजे..." आणि बांगेत पुढचं ऐकू येईना. मी ओरडले, "मराठीत सांग! श्रीकांत, मराठीत सांग!" सहा वर्षांत मी त्याला पूर्ण नावानं हाक मारली नव्हती. तिकडून तो एवढंच म्हणाला, "घरी येऊन सांगतो," आणि फोन गेला.

खजुराचा डबा चिपळूणला फोडायचा होता. काढून टेबलावर ठेवलाय, सुरी शेजारी. गाडी खाली लागल्याचा आवाज आत्ता आला. लिफ्ट वर येतेय.